व्हिक्टर ह्यूगो : एकोणीस वर्षांचा वनवास

'ले मिझेराब्ल' ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळ भगिनींनी, संपूर्ण नाही तरी संक्षिप्त रूपात, वाचली असेल. पावाच्या चोरीपायी तुरुंगात गेलेला जाँ व्हालजाँ आणि ती पोरकी कोझेत, ही दोन माणसे एकदा भेटली की जन्मभर विसरत नाहीत. पण ती कादंबरी पुरी करणारा लेखक त्या वेळी स्वदेशात नव्हता. समुद्रातल्या एका लहानशा बेटावर तो हद्दपारीचे दिवस काढीत होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच्यावर ही पाळी आणणारा सत्ताधीश कोणी परका आक्रमक नव्हता. लोकांनी भरघोस मतांनी निवडून दिलेला तो अध्यक्ष होता. आणि त्याला मते द्या म्हणून सांगणाऱ्यांत खुद्द ह्यूगोच्या घरचे वर्तमानपत्र होते. ह्यूगोच्या चरित्रातला हाच भाग या लेखात विस्ताराने सांगायचा आहे.

व्हिक्टर ह्यूगोचा जन्म २६ फेब्रुवारी १८०२ रोजी फ्रान्समधील बझाँसाँ या गावी झाला. वडील बादशहा नेपोलियनच्या फौजेत होते व पुढे सेनापतीच्या हुद्द्यापर्यंत चढले. आईचा ओढा मात्र जुन्या राजघराण्याकडे. नवराबायकोचे पटले नाही, आणि मुले बहुतेक आईपाशी वाढली. नेपोलियनविरुद्धच्या कटात गुंतलेल्या लाओरी नावाच्या सेनापतीला या बाईने आपल्या पॅरिसच्या घरी लपवून ठेवले होते. हा लाओरी व्हिक्टरचा धर्मपिता. १८१० साली तो पकडला गेला आणि १८१२ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. एकाच घरात बाप बादशहाचा चाकर आणि आई त्याच्या शत्रूला आसरा देणारी! अशा घरातल्या मुलाला राजकारण पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पुढची पंचवीस वर्षे कीर्तीची. विसाव्या वर्षी, १८२२ साली, बालमैत्रीण आदेल फूशे हिच्याशी विवाह झाला. कविता, नाटके, १८३१ मध्ये 'नोत्रदाम द पारी' ही कादंबरी, १८४१ मध्ये फ्रेंच अकादमीचे सभासदत्व, १८४५ मध्ये राजाकडून सरदारांच्या सभागृहात नेमणूक. सुखाला दृष्ट लागली ती १८४३ साली. थोरली मुलगी लेओपोल्दीन, लग्नाला सात महिने झाले होते, ती सेन नदीत होडी उलटून नवऱ्यासह बुडाली. बाप प्रवासात होता. वाटेतल्या गावी हाती पडलेल्या वर्तमानपत्रात त्याने ही बातमी वाचली. त्यानंतर कित्येक वर्षे त्याने मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला नाही.

१८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा लुई फिलिप पळाला आणि प्रजासत्ताक आले. आधी देशात मतदार होते सुमारे अडीच लाख. आता प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत मिळाले आणि मतदार नव्वद लाखांवर गेले. पुरुषाला, हे ध्यानात घ्यावे. स्त्रियांच्या वाट्याला काय आले? त्यांनी उत्साहाने आपली मंडळे काढली, वर्तमानपत्रे काढली, आणि जुलै महिन्यात याच प्रजासत्ताकाने कायदा करून स्त्रियांना राजकीय मंडळांत जाण्याची बंदी केली. १८४९ साली झान देर्वँ या बाई धिटाईने निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची थट्टा झाली. फ्रान्समधील स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला १९४४ साल उजाडावे लागले. म्हणून यापुढे लोकांनी कौल दिला असे जेथे म्हटले आहे, तेथे घरातली निम्मी माणसे मोजलेलीच नाहीत असे समजावे.

त्याच वर्षी जूनमध्ये बेकारांना काम देणारे सरकारी कारखाने बंद झाले आणि पॅरिसचे मजूर उठले. रस्तोरस्ती अडथळे उभे राहिले. नुकताच प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला ह्यूगो या वेळी सरकारच्या बाजूने होता. मजुरांनी शरण यावे म्हणून सैन्याबरोबर तो त्या अडथळ्यांपुढे गेला. हजारो माणसे मेली. दुकानदार भ्याले, शेतकरी भ्याले, सुखवस्तू घरे भ्याली, आणि मजुरांच्या मनात प्रजासत्ताकाविषयी कायमची अढी बसली. कोणी तरी खंबीर माणूस यावा असे जो तो म्हणू लागला.

असा माणूस तयारच होता. लुई नेपोलियन हा थोरल्या नेपोलियनचा पुतण्या. दोनदा बंडाचा प्रयत्न करून फसलेला, किल्ल्यात कैद भोगलेला, मजुराच्या वेषात तेथून निसटून लंडनला राहिलेला. बोलण्यात जड, डोळे झोपाळू. शहाण्यासुरत्या पुढाऱ्यांनी त्याला खुळ्यात काढले. पण त्याच्यापाशी नाव होते. खेड्यापाड्यांतल्या घरांतून काकाची चित्रे भिंतीवर लावलेली होती. शिवाय प्रत्येकाला देण्यासारखे त्याच्याजवळ काही ना काही होते. शेतकऱ्याला त्याने कराची सूट दाखवली, धनिकाला शांतता, धर्मगुरूंना शाळांवरचा अधिकार; आणि गरिबीच्या निर्मूलनावर तर त्याने कैदेत असताना एक पुस्तिकाच लिहिली होती. आपण कोणत्याही पक्षाचे नाही, थेट लोकांचे आहोत, हा त्याचा मंत्र.

ह्यूगो त्याला भुलला, हे सांगायला संकोच करण्याचे कारण नाही. बापाच्या तोंडून बादशाही पराक्रमाच्या कथा ऐकून तो वाढलेला. बोनापार्ट कुटुंबावरची देशबंदी उठवावी म्हणून १८४७ मध्ये त्याने सभागृहात भाषणही केले होते. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या मुलांनी व मित्रांनी एक दैनिक काढले होते. निवडणुकीच्या वेळी ते लुई नेपोलियनच्या बाजूने उभे राहिले. १० डिसेंबर १८४८ रोजी मतदान झाले. लुई नेपोलियनला ५४ लाखांवर मते पडली. त्याच्या खालोखाल सेनापती कॅव्हेन्याकला साडेचौदा लाखांच्या आसपास. काही दिवसांनी त्याने प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. घटनेप्रमाणे अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहण्याची त्याला मनाई.

येथून पुढे जे झाले ते एका रात्रीत झाले नाही, तीन वर्षे हळूहळू होत गेले. दुधाला विरजण लागावे तसे. १८४९ मध्ये दारिद्र्यावर भाषण करताना ह्यूगोच्या ध्यानात आले की ज्या बाकांवर आपण बसतो, तेथलीच मंडळी आपल्याला हसत आहेत. १८५० मध्ये शाळा धर्मगुरूंच्या हाती देणारा कायदा आला. ह्यूगो त्याविरुद्ध बोलला. त्याच वर्षी ३१ मे रोजी असा कायदा झाला की मतदार एका ठिकाणी तीन वर्षे राहिल्याचा पुरावा हवा. कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या मजुराजवळ असला पुरावा कोठला? जवळजवळ तीस लाख माणसे यादीतून उडाली. मताचा अधिकार काढला असे कोणी म्हटले नाही. फक्त नियम नीट केले.

गंमत पुढेच आहे. हा कायदा केला प्रतिनिधी-सभेतल्या सनातनी बहुमताने, अध्यक्षाच्या मंत्र्यांच्या संमतीने. पण वर्ष-दीड वर्षाने त्याच अध्यक्षाने उलट फिरून मागणी केली की गरिबांना त्यांचे मत परत द्या. सभेने थोड्या मतांच्या फरकाने नकार दिला. झाले! सभा गरिबांची वैरीण ठरली आणि अध्यक्ष त्यांचा कैवारी. मध्यंतरी सैनिकांना मेजवान्या झडत होत्या. सातोरी येथील संचलनात शिपायांनी बादशहाचा जयजयकार केला, आणि असल्या घोषणांना आळा घालू पाहणाऱ्या सेनापती शांगार्निएला पदावरून काढले गेले. १८५१ च्या जुलैत, अध्यक्षाला पुन्हा उभे राहता यावे म्हणून घटना बदलण्याचा ठराव आला. त्याला ४४६ मते पडली, विरुद्ध २७८. पण घटनेला तीन चतुर्थांश बहुमत हवे होते, म्हणून तो पडला. या वादात ह्यूगोने केलेले भाषण सभेतल्या गोंधळामुळे तासन् तास लांबले. थोरल्या नेपोलियनशी पुतण्याची तुलना करून त्याने त्याला जी लहानपणाची पदवी दिली, ती जन्मभर चिकटली.

याची किंमत घरापासून वसूल होऊ लागली. थोरल्या शार्लने फाशीच्या शिक्षेविरुद्ध लेख लिहिला म्हणून त्याला सहा महिने कैद. त्याच्या खटल्यात बाप स्वतः बचावाला उभा राहिला. मग धाकटा फ्रान्स्वा-व्हिक्टर. त्या सालच्या अखेरीस दोघे मुलगे आणि दैनिकाचे दोघे साथी एकाच तुरुंगात होते, आणि आदेलबाई डबे घेऊन भेटीला जात होत्या.

२ डिसेंबर १८५१. थोरल्या नेपोलियनच्या राज्याभिषेकाची आणि ऑस्टरलिट्झच्या विजयाची ही तिथी मुद्दाम निवडलेली. रात्रीत सरकारी छापखान्यात जाहीरनामे छापले गेले. पहाटे पोलिसांनी थियेर, कॅव्हेन्याक, शांगार्निए अशा पुढाऱ्यांना अंथरुणातून उठवून नेले. सकाळी पॅरिसने भिंतीवर वाचले की प्रतिनिधी-सभा बरखास्त आहे, लष्करी अंमल जारी आहे, आणि, हे पाहण्यासारखे आहे, सर्व पुरुषांचा मताधिकार पुन्हा बहाल झालेला आहे. लोकशाही मोडणारा कागद लोकांना मत परत देत होता. पुष्कळ मजुरांनी खांदे उडवले. ज्या सभेने तीन वर्षांपूर्वी आपल्यावर गोळ्या झाडल्या, वर्षापूर्वी आपले मत काढून घेतले, तिच्यासाठी, तिच्या सभासदांच्या रोजच्या पंचवीस फ्रँक भत्त्यासाठी, आपण का मरावे, असे ते बोलत असे सांगतात. प्रतिनिधी असलेला डॉक्टर बोदँ ३ तारखेला असल्याच एका अडथळ्यावर उभा राहिला आणि गोळी लागून पडला.

ह्यूगो प्रतिकार समितीत होता. रोज घर बदलायचे, रात्री जाहीरनामे लिहायचे, दिवसा माणसे जमवायची. ४ तारखेला शिपायांनी मोठ्या रस्त्यांवरच्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. शेकड्यांनी माणसे पडली, त्यांत नुसते बघायला आलेलेही होते. त्या रात्री टिकतोन गल्लीतल्या एका घरी ह्यूगोला नेण्यात आले. सात वर्षांचा एक मुलगा डोक्यात दोन गोळ्या लागून मेला होता. घरात त्याची आजी. आईबाप आधीच गेलेले. म्हातारीने नातवाला मांडीवर घेतले होते, आणि आलेली माणसे त्याचे कपडे उतरवीत होती, तेव्हा त्याच्या खिशातून भोवरा निघाला. ह्यूगोने यावर पुढे कविता केली. राजकारणातल्या भाषणांपेक्षा तीच एक गोष्ट फ्रान्सच्या पोरासोरांच्या ध्यानात राहिली.

त्याला पकडण्याचा हुकूम सुटलेला होता. या दिवसांत त्याचा जीव वाचला तो झ्युलिएत द्रूए या बाईमुळे. एके काळची ही नटी. ह्यूगोवरील प्रेमामुळे १८३३ पासून तिने आपले सारे आयुष्य त्याच्याभोवती गुंडाळले होते. हे नाते आपल्या मनाला रुचणारे नाही, आदेलबाईंना तर ते कसे रुचावे? चरित्र लिहिताना मात्र जे घडले ते टाळता येत नाही. झ्युलिएतने रस्त्यावरच्या गोळ्यांची पर्वा न करता त्याच्यासाठी लपण्याच्या जागा शोधल्या. तिच्याच ओळखीतून लाँव्हँ नावाच्या छापखान्यातल्या कामगाराचा परवाना मिळाला. ११ डिसेंबरच्या रात्री, कामगाराच्या वेषात, ह्यूगो ब्रुसेल्सच्या गाडीत बसला. मागाहून झ्युलिएत हस्तलिखितांची पेटी घेऊन गेली. त्या पेटीत पुढे 'ले मिझेराब्ल' झालेली अपुरी कादंबरी होती.

त्यानंतर दहाच दिवसांत सार्वमत झाले. देशाचा बराच भाग लष्करी अंमलाखाली, विरोधी पत्रे बंद, पुढारी कैदेत किंवा परागंदा, आणि प्रश्न एकच : लुई नेपोलियनची सत्ता चालू ठेवावी, होय की नाही? ७४ लाखांवर लोकांनी होय म्हटले, साडेसहा लाखांच्या आत नाही. सुमारे २७ हजार माणसांची प्रकरणे खास मंडळांपुढे चालली, हजारोंची रवानगी अल्जेरियाला झाली. त्यांत पोलीन रोलाँ ही शिक्षिका होती. मुलांची आई, मजुरांच्या व शिक्षकांच्या सहकारी संघाचे काम करणे हा तिचा मूळ गुन्हा. शिक्षेतून सुटून मुलांकडे परतताना १८५२ च्या डिसेंबरात वाटेत लियाँ येथे ती वारली. त्याच महिन्यात, पुन्हा एका सार्वमतानंतर, अध्यक्ष बादशहा झाला.

निवडणुका मात्र बंद पडल्या नाहीत! त्या वेळेवर होत राहिल्या. सरकारी उमेदवार ठरलेला, त्याची पत्रके सरकारी खर्चाने चिकटवलेली, गावचा महापौर सरकारने नेमलेला. वर्तमानपत्रे बंद करायचीही गरज उरली नाही : दोन ताकिदी मिळाल्या की पत्र थांबवता येई, म्हणून संपादक आपणच कात्री चालवीत.

ह्यूगोने ब्रुसेल्समध्ये 'छोटा नेपोलियन' हे पुस्तक लिहिले आणि ते निघण्याच्या सुमारास, ऑगस्ट १८५२ मध्ये, तो इंग्रजांच्या ताब्यातल्या जर्सी बेटावर गेला. पुढच्या वर्षी 'ले शातिमाँ' हा कवितासंग्रह. लहान आकारात छापलेल्या प्रती सामानात लपवून फ्रान्समध्ये नेल्या जात. जर्सीवर निर्वासितांची वस्ती होती, बहुतेक गरीब. त्यांत लुईझ झुलियँ नावाची कष्टकरी बाई १८५३ मध्ये वारली, तेव्हा तिच्या थडग्यापाशी ह्यूगोने भाषण केले. अठराव्या शतकाने पुरुषाचे हक्क सांगितले, या शतकाने स्त्रीचे सांगावेत, असा त्याचा आशय होता. १८५५ मध्ये जर्सीतूनही घालवल्यावर तो शेजारच्या गर्न्सी बेटावर गेला, आणि कवितांच्या पैशातून त्याने घर विकत घेतले. गच्चीवरच्या काचेच्या खोलीत उभा राहून तो रोज पहाटेपासून लिही. समोर समुद्र, हवा निवळ असली की पलीकडे फ्रान्सचा किनारा.

१८५९ मध्ये बादशहाने सर्वांना माफी दिली. पुष्कळ निर्वासित परतले, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही; पोटापाण्याचा प्रश्न होता. ह्यूगोने माफी नाकारली. फ्रान्सला स्वातंत्र्य परत मिळेल तेव्हाच आपण परत जाऊ, असे त्याने जाहीर केले.

या बाणेदारपणाचे गोडवे सर्व चरित्रकार गातात, आणि ते योग्यच आहे. पण घरातल्या बायकांना कोणी विचारले होते काय? ह्यूगोला काम होते, कीर्ती होती, समुद्र होता. झ्युलिएतचे बिऱ्हाडही हाकेच्या अंतरावर होते. आदेलबाईंना तेथे काय होते? वारा, धुके आणि नवऱ्याचा हिशेबीपणा. त्या हळूहळू ब्रुसेल्स-पॅरिसला अधिक राहू लागल्या. धाकटी मुलगी, तिचेही नाव आदेलच, बेटावर आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. सुंदर, पियानो वाजवणारी, लग्नाच्या वयाची. बापाच्या प्रतिज्ञेत तिचे तारुण्य कोंडले गेले. १८६३ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या मागे ती घरी न सांगता अटलांटिकपलीकडच्या हॅलिफॅक्सला गेली. त्याने तिला स्वीकारले नाही. मन भ्रमिष्ट होऊन ती त्याच्या पलटणीमागे बार्बाडोसपर्यंत गेली आणि १८७२ मध्ये वेडी होऊन परत आली.

१८६२ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली आणि फ्रान्समध्येही धडाक्याने खपली. त्याच वर्षापासून ह्यूगोच्या घरी दर आठवड्याला बेटावरच्या गरीब मुलांना जेवण सुरू झाले. घरची माणसे स्वतः वाढीत. ही प्रथा इतरत्रही उचलली गेली.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये आदेलबाई ब्रुसेल्सला वारल्या. लेकीशेजारी विसावा मिळावा ही त्यांची इच्छा होती, आणि लेकीची समाधी फ्रान्समध्ये. ह्यूगो शवपेटीबरोबर आगगाडीने सरहद्दीपर्यंत गेला. तेथे उतरला. गाडी पुढे गेली.

१८७० च्या मे महिन्यात बादशहाने आणखी एक सार्वमत घेतले : ७३ लाख होय, पंधरा लाख नाही. सप्टेंबरच्या आरंभी सेदाँ येथे प्रशियाच्या फौजेपुढे तो शरण गेला, आणि दोन दिवसांत साम्राज्य संपले. त्या ७३ लाखांतून वाचवायला कोणी आला नाही. ५ सप्टेंबरच्या रात्री ह्यूगो पॅरिसला उतरला तेव्हा स्थानकावर माणसांचा समुद्र उसळला होता. लुई नेपोलियन १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. त्याचाही शेवट परदेशातच झाला.

परतल्यावर सुख फारसे मिळाले नाही. दोन्ही मुलगे दोन-तीन वर्षांतच गेले. नातवंडे जॉर्ज आणि झान हाच विसावा. १८७६ मध्ये तो सिनेटर झाला आणि पॅरिस कम्यूनच्या बंडातल्या कैद्यांना माफी मिळावी म्हणून बोलू लागला. झ्युलिएत १८८३ मध्ये वारली. २२ मे १८८५ रोजी ह्यूगोने देह ठेवला. गरिबांसाठी ५० हजार फ्रँक ठेवून, गरिबांच्याच साध्या शवगाडीतून आपल्याला न्यावे असे त्याने लिहून ठेवले होते. त्या काळ्या गाडीमागे सुमारे वीस लाख माणसे होती असा अंदाज आहे.

मुलगी आदेल त्या मिरवणुकीत नव्हती. ती मनोरुग्णांच्या आश्रमात होती, पियानो वाजवीत असे. १९१५ साली पंचाऐंशीव्या वर्षापर्यंत ती जगली.